मापावरील विश्वास : डेन्मार्कच्या दूधधंद्याचा धडा

दूधधंदा हा शेतीचा उत्तम जोडधंदा होय, हे सर्वमान्य आहे. परंतु दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या लहान शेतकऱ्यास त्यात योग्य मोबदला मिळतो किंवा नाही, हे केवळ जनावराची जात व वैरण यांवर अवलंबून नसते. दुधाचे मोल कोण ठरवितो आणि कसे ठरवितो, यावरही ते तितकेच अवलंबून असते. या दृष्टीने युरोपातील डेन्मार्क या लहानशा देशाचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

१८७० नंतर अमेरिका व रशिया येथील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊ लागले आणि डॅनिश शेतकऱ्याच्या धान्याचे भाव कोसळले. तेव्हा धान्य विकण्याऐवजी गाई पोसून इंग्लंडला लोणी विकण्याचा मार्ग त्याने धरला. मात्र तेथे चांगला भाव येई तो बड्या जमीनदारांच्या लोण्यास. लहान शेतकरी थोडेथोडे दूध भांड्यात ठेवी व साय वर येण्याची वाट पाही. त्यामुळे घरोघरच्या लोण्याची चव व प्रत निराळी होई आणि ते कमी भावाने जाई.

१८७८ साली स्वीडनमधील गुस्ताव्ह दे लावाल यांनी वेगाने फिरून दुधातील साय सतत वेगळी करणारे यंत्र तयार केले. आता अनेक घरचे दूध एकत्र करून त्याची साय ताबडतोब काढता येऊ लागली. परंतु हे यंत्र एकट्या लहान शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी शेतकऱ्यांनी एकत्र येऊन देशातील पहिले सहकारी दुग्धालय काढले. कर्जाची जबाबदारी सर्वांनी मिळून घेतली. घरखर्चापुरते ठेवून उरलेले सर्व दूध दुग्धालयास घालावयाचे व नफा दुधाच्या प्रमाणात वाटावयाचा, असा नियम केला. गाई कितीही असोत, प्रत्येक सभासदास मत मात्र एकच. थोड्याच वर्षांत देशभर अशी शेकडो दुग्धालये उभी राहिली.

तथापि, दूध एकत्र झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. निव्वळ वजनावर पैसे दिले, तर पाणी घालणाऱ्याचा लाभ होतो व प्रामाणिक माणसाची हानी होते. हा प्रश्न सर्वच दूधउत्पादक देशांपुढे होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली गंधकाम्लाच्या साह्याने दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी रीत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. तिच्यामुळे प्रतीनुसार मोल देणे सुलभ झाले.

दुसरे संकट रोगाचे होते. साय काढलेले दूध शेतकऱ्यांस वासरे व डुकरे यांच्यासाठी परत मिळे. एका गोठ्यातील क्षयाचे जंतू त्यातून दुसऱ्या गोठ्यात जात. यासाठी असे दूध तापवूनच परत द्यावे, असा कायदा डेन्मार्कने १८९८ साली केला.

आपल्याकडे १९४६ साली खेडा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आणंद येथे आपला सहकारी संघ स्थापन केला व पुढे मुंबईस दूध पुरविण्यास प्रारंभ केला. तेथेही पाया हाच होता : गावात संस्था, दोन्ही वेळचे संकलन आणि स्निग्धांशानुसार मोल. महाराष्ट्रातील दूधसंस्थांतही स्निग्धांश व इतर घनपदार्थ पाहूनच दर ठरतो.

म्हणून ग्रामसेवकांनी पुढील गोष्टी सभासदांस समजावून द्याव्यात. धारेच्या प्रारंभीचे दूध पातळ व अखेरचे दाट असते. यास्तव कास पूर्ण रिकामी करावी. नमुना काढण्यापूर्वी सर्व दूध चांगले ढवळून घ्यावे. तपासणी सभासदासमोर व्हावी आणि आकडा त्याच वेळी त्याच्या पुस्तकात नोंदविला जावा. वजनकाटा व तपासणीचे यंत्र यांची वेळोवेळी पडताळणी करावी. आजारी जनावराचे दूध इतर दुधात मिसळू नये. संस्थेची इमारत कर्ज काढून उभारता येते. सभासदाचा विश्वास मात्र रोज सकाळ-संध्याकाळ मापाच्या जागीच मिळवावा लागतो.