‘स्कूल’ या शब्दाची कुळकथा

आपल्या राज्यात सन २००० पासून इंग्रजीचे अध्यापन पहिल्या इयत्तेपासूनच सुरू होते. त्यामुळे ‘स्कूल’ हा शब्द मुलांच्या कानी अगदी आरंभीच पडतो. ‘स्कूल म्हणजे शाळा’ एवढे सांगून आपण पुढील पाठाकडे वळतो. तथापि या शब्दाची कुळकथा प्रत्येक शिक्षकाने जाणून घेण्याजोगी आहे. तीत भाषेचा पाठ आहे, त्याचप्रमाणे आपल्या व्यवसायाचाही आहे.

हा शब्द मूळचा ग्रीक. त्या भाषेत ‘स्खोले’ म्हणजे फुरसत, कामधंद्यातून मिळालेली मोकळीक. ज्यांना अशी मोकळीक लाभे ते ती चर्चेत व ज्ञानार्जनात घालवीत. म्हणून पुढे त्याच शब्दाने विद्वानांची चर्चा, नंतर व्याख्यान आणि अखेरीस ते जेथे चाले ते स्थान, असा बोध होऊ लागला. लॅटिनमध्ये तो ‘स्कोला’ झाला व तेथून प्राचीन इंग्रजीत आला. स्पेलिंगातील अनुच्चारित ‘एच्’ हे अक्षर लॅटिन लेखनाच्या अनुकरणाने मागाहून शिरले. स्कॉलर व स्कॉलरशिप हे शब्द याच कुळातील होत. माशांच्या झुंडीसही इंग्रजीत ‘स्कूल’ म्हणतात. परंतु तो शब्द डच भाषेतून आलेला असून निराळा आहे.

उच्चाराविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही मुले ‘इस्कूल’ म्हणतात व वर्गात हशा पिकतो. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर घेणे ही जिभेची स्वाभाविक सोय आहे. याच लॅटिन शब्दाचे स्पॅनिशमध्ये ‘एस्क्वेला’, पोर्तुगीजमध्ये ‘एश्कोला’ व फ्रेंचमध्ये ‘एकोल’ झाले. पोर्तुगीजांमुळे गोव्याच्या कोंकणीत ‘इस्कोल’ आले. तेव्हा शुद्ध उच्चार अवश्य शिकवावा, परंतु मुलास हसू नये. जी वाट मोठमोठ्या भाषांनी चोखाळली तीच ते चोखाळीत असते.

आता उपयोगाकडे वळू. मूल शिकण्यासाठी जाते तेव्हा ‘द चाइल्ड गोज टु स्कूल’ असे म्हणतात. येथे ‘द’ हे उपपद ‘स्कूल’पूर्वी येत नाही. पालक मास्तरांना भेटावयास जातात तेव्हा मात्र ‘द फादर गोज टु द स्कूल’ असे म्हणावे लागते. पहिल्या वाक्यात शाळेचे कार्य अभिप्रेत आहे, दुसऱ्यात शाळेची इमारत. ‘चर्च’ व ‘प्रिझन’ या शब्दांनाही हाच नियम लागू पडतो. फळ्यावर ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहून दोघे कशासाठी गेले ते विचारल्यास भेद मुलांच्या सहज लक्षात येतो.

मूळ अर्थाकडे पुन्हा पाहू. ग्रीसमधील ती फुरसत सर्वांच्या वाट्याची नव्हती. नागरिकांना मोकळीक मिळे, कारण कष्ट गुलाम उपशीत. धनिकाच्या मुलास शाळेत पोहोचविणारा ‘पैदागोगोस’ हा बहुधा गुलामच असे. आज शिक्षणशास्त्रास इंग्रजीत जे ‘पेडगॉजी’ नाव आहे ते या सेवकाच्या नावावरून आले. शाळेची फुरसत मात्र त्याच्यासाठी नव्हती.

ही फुरसत प्रत्येक मुलाचा हक्क व्हावी, हा विचार आपल्याकडेही कष्टानेच रुजला. सन १८८२ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन करून निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात, तर राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास तो अधिकार देशभर दिला.

तरीही सुगी आली की हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. कोणी गुरांमागे गेलेले असते, कोणी धाकट्या भावंडास सांभाळीत असते, कोणी आईबापांसमवेत ऊसतोडीस गेलेले असते. अशा मुलास ‘शाळेची आवड नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याची फुरसत कोणत्या कामाने घेतली याची आपण चौकशी करावी, पालकांची घरी जाऊन भेट घ्यावी आणि ते परतल्यावर बुडालेला पाठ न रागावता पुन्हा द्यावा. तसेच, शाळेत आलेल्या मुलाचा वेळ आपल्या किरकोळ कामांत जाणार नाही, हेही पाहावे. ‘टु स्कूल’ व ‘टु द स्कूल’ यांतील भेद व्याकरणापुरता नाही: इमारतीपर्यंत आलेले प्रत्येक मूल शाळेत आले, असे तेवढ्याने ठरत नाही.