सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओमध्ये ध्वनिसंकेतांची बेरीज : प्राथमिक परिचय

प्रस्तावना : ज्या रेडिओत संकेतांवरील प्रक्रिया मुख्यत्वे संगणकीय आज्ञावलीद्वारे केली जाते, त्यास सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओ असे म्हणतात. त्याच्या अध्यापनासाठी 2001 पासून विकसित होत असलेली ‘जीएनयू रेडिओ’ ही मुक्त प्रणाली सोयीची आहे. पहिल्या पाठासाठी संगणक व हेडफोन पुरेसे असून अँटेनाचीही आवश्यकता नसते. प्रस्तुत लेखात दोन ध्वनिसंकेत एकत्र करण्याची क्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन : अमेरिकेतील दूरध्वनीचा डायल टोन म्हणजे 350 व 440 हर्ट्झ या दोन स्वरांची बेरीज होय. दोन ‘सिग्नल सोर्स’ ‘ॲड’ या ब्लॉकला व तो ‘ऑडिओ सिंक’ला जोडल्यास हा स्वर ऐकू येतो. सोर्सचा प्रकार ‘कॉम्प्लेक्स’ राहिल्यास, सिंकला ‘फ्लोट’ लागत असल्याने, जोडणीचा बाण लाल होतो व चूक तत्काळ ध्यानात येते. खरी अडचण न दिसणाऱ्या चुकांची आहे. ‘ॲड’ केवळ नमुन्यात नमुना मिळवितो; त्यास काळाचे भान नसते. सिंकचा नमुना-दर 48000 असताना एका सोर्सचा 24000 ठेवल्यास त्याचा 350 हर्ट्झचा स्वर 700 हर्ट्झचा ऐकू येतो आणि प्रणाली काहीही तक्रार करीत नाही. तसेच सिंकची मर्यादा उणे 1 ते अधिक 1 असते. दोन्ही आयाम 1 ठेवल्यास बेरीज 2 पर्यंत जाते, तरंगाची शिखरे छाटली जातात व स्वर कर्कश होतो. आयाम प्रत्येकी 0.4 ठेवणे इष्ट.

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गोंधळ ‘मिक्सर’ या शब्दाने होतो. ध्वनिमुद्रण कक्षातील मिक्सर बेरीज करतो. रेडिओशास्त्रातील मिक्सर गुणाकार करतो. वरील स्वरांसाठी ‘ॲड’ऐवजी ‘मल्टिप्लाय’ वापरल्यास 350 व 440 नाहीसे होऊन 90 व 790 हर्ट्झ उरतात. हा फरक सूत्रापेक्षा कानाने लवकर पटतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भारतीय डायल टोन 400 हर्ट्झच्या स्वरावर 25 हर्ट्झचे मॉड्युलेशन करून घडविला जातो, म्हणजे तेथे गुणाकारच लागतो. दोन्ही देशांचे स्वर एकाच तासिकेत तयार करवून घेता येतात.