गुडघ्यातलं वंगण खरंच संपतं का?

'गुडघे झिजलेत, वंगण संपलंय' असं एकदा ऐकलं की बहुतेक जण चालणं कमी करतात. टायर झिजला की गाडी कमी चालवायची, तसंच हेही वाटतं. पण गुडघा टायरसारखा नाही. तुमचा गुडघा दुखत असो की आईवडिलांचा, एवढा फरक समजून घेतलात तर उपचारांची दिशाच बदलते.

हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून. पाऊल टेकलं की कूर्चा दाबली जाते, उचललं की सैल होते. पाण्यातला स्पंज दाबून सोडावा तसा द्रव आतबाहेर होतो. म्हणजे बसून राहिलात तर कूर्चा उपाशी राहते आणि मांडीचे स्नायूही दुबळे होतात. मग त्यांनी पेलायचा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं आणि आपण आणखी बसतो.

कूर्चेत वेदनेच्या नसाही नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूचे स्नायू. म्हणूनच एक्स-रे वाईट दिसूनही काही जण आरामात चालतात.

करायचं काय? खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा. प्रत्येक पायाने दहादा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव करा. रोज थोडं चाला. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर प्रमाण कमी करा, बंद करू नका. वजन जास्त असेल तर एक किलो कमी झाल्यावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

औषधं हवीत ती हे चालणं शक्य व्हावं म्हणून. गुडघ्यासाठी आधी डायक्लोफिनॅकचं जेल वापरून पाहता येतं. पोटातल्या गोळीपेक्षा ते रक्तात फार कमी उतरतं. अमेरिकेत ते 2020 पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाबावर परिणाम करतात. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

आईबाबा भारतातून येतात तेव्हा औषधांची पिशवी एकदा त्यांच्यासोबत बसून तपासा. क्रोसिन आणि अमेरिकेतलं टायलेनॉल हे एकच औषध: तिकडे पॅरासिटामॉल, इकडे ॲसिटअमिनोफेन. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेनही असतं. त्यावर ॲडव्हिल घेतली तर आयबुप्रोफेन दोनदा पोटात जातं. निरोगी प्रौढालाही दिवसभरात पॅरासिटामॉलची मर्यादा चार ग्रॅमची, वयस्करांना बहुधा त्याहून कमी. त्यापुढे यकृताला धोका असतो. घटक न लिहिलेली 'सांधेदुखीची पुडी' सापडली तर विशेष सावध राहा, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलेलं आहे. ती बरेच दिवस चालू असेल तर एकदम थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा.

एक अपवाद लक्षात ठेवा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल आणि दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर ही झीज नसून ऱ्हुमॅटॉइड संधिवात असू शकतो. तिथे नुसता व्यायाम पुरत नाही. सांधे वाकडे होण्याआधी औषध सुरू व्हावं लागतं, म्हणून तपासणी पुढे ढकलू नका.