मजल आणि मुक्काम : फ्रान्समधील एका लांबच्या मोटारप्रवासाची आखणी

प्रवास म्हटला म्हणजे मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें तें प्रवासाचें अखेरचें ठिकाण. समुद्रकांठ, डोंगर, आप्तेष्टांचें घर यांचींच चित्रें मनांत घोळत असतात; आणि मधला रस्ता म्हणजे केव्हां एकदां सरेल अशी एक अडचण, असें आपण धरून चालतों. पूर्वीं बैलगाडीनें अगर पायीं जाणाऱ्या माणसास असें करून चालत नसे. दुपारीं पाणी कोठें मिळेल, रात्रीं पाठ कोठें टेकावयाची, याचा निर्णय झाल्यावांचून तो घराचा उंबरठा ओलांडीत नसे. ‘मजल दरमजल’ हा आपल्या भाषेंतील शब्दप्रयोग त्याच शहाणपणाचा अवशेष होय. मोटार आली, रुंद रस्ते झाले, आणि हें शहाणपण आतां जुनें झालें असा समज पसरला. तो समज किती फसवा आहे, हें परदेशांतील एका प्रसिद्ध रस्त्याच्या उदाहरणानें पाहूं.

फ्रान्सच्या उत्तर टोंकास इंग्लिश खाडीवर कॅले हें बंदर आहे, आणि दक्षिणेस भूमध्य समुद्रावर नीस हें नगर आहे. या दोहोंमधील अंतर मोटारमार्गानें सुमारें १,२५० किलोमीटर भरतें. इंग्लंडांतून खाडी ओलांडून दक्षिणेकडील उन्हाच्या ओढीनें जाणाऱ्या कुटुंबांचा हा नेहमींचा रस्ता. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींसहि तो अपरिचित नाहीं. समजा, असेंच एक कुटुंब आहे. आईबाप, दहा व पांच वर्षांचीं दोन मुलें, आणि देशाहून आलेली सत्तरीची आजी. नीसजवळ त्यांनीं आठवड्यापुरतें एक घर भाड्यानें घेतलें आहे, आणि दिवस ऑगस्टच्या आरंभाचे आहेत. या पांच जणांनीं रात्रीचे मुक्काम कसे ठरवावे?

वडिलांच्या मनांत प्रथम जो विचार येतो, तो बहुतेकांच्या मनांत येतो. फोनमधील नकाशा सांगतो कीं, हा सारा रस्ता बारा-साडेबारा तासांचा आहे. फ्रान्सच्या मोटारमार्गांवर कोरड्या हवेंत ताशीं १३० व पावसांत ११० किलोमीटर वेगाची मुभा आहे. मग रात्रभर गाडी चालवून सकाळीं समुद्र कां पाहूं नये? हॉटेलचा खर्च वांचेल, आणि मुलेंहि मागें झोंपून जातील. हा हिशेब कागदावर बरोबर आहे. परंतु नकाशानें सांगितलेला वेळ हा चाकांचा वेळ असतो, माणसांचा नव्हे. पांच वर्षांच्या मुलाची तहान, आजीचे आंखडलेले गुडघे, पेट्रोलची रांग आणि टोलनाक्यावरील खोळंबा यांना त्यांत जागा नसते. शिवाय इंग्लंडांत रस्त्याच्या डाव्या बाजूनें गाडी चालविण्याची संवय असलेल्या माणसास येथें उजव्या बाजूनें चालवावी लागते. ताजेपणीं हा फरक सहज संभाळतां येतो. थकव्यांत मात्र जुनी संवय नकळत डोकें वर काढते.

रात्रीच्या प्रवासाविषयीं फ्रान्समध्यें एक दुःखद आठवण आहे. ३१ जुलै १९८२ रोजीं, मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास, बोन गांवाजवळ पावसांत व सुटीच्या गर्दींत बसगाड्या आणि मोटारी एकमेकांवर आदळल्या व पेटल्या. त्या गाड्यांतून मुलें सुटींतील शिबिरास चाललीं होतीं. ५३ जीव गेले. त्यांत बहुतेक मुलें होतीं. तेव्हांपासून ऑगस्टच्या आरंभींच्या ऐन गर्दीच्या दिवशीं मुलांच्या टोळ्या बसनें दूरवर नेण्यास तेथें दरवर्षीं मनाई असते. हा नियम खाजगी मोटारीस लागू नाहीं. पण त्यांतील बोध मोटारवाल्या बापासहि घेण्याजोगा आहे. अंधार, पाऊस, गर्दी आणि थकवा यांपैकीं एकेकाशीं मनुष्य झुंज देऊं शकतो. चारहि एकत्र आले म्हणजे त्याचें कांहीं चालत नाहीं. मुक्कामाची आखणी ही चैनीची गोष्ट नसून संरक्षणाची गोष्ट आहे, ती यामुळें.

आतां आखणीकडे वळूं. येथें पहिला नियम असा कीं, प्रवास शेवटाकडून आरंभाकडे आंखावा. फ्रान्समध्यें सुटीसाठीं भाड्यानें मिळणारीं घरें बहुधा शनिवार ते शनिवार अशींच देतात. म्हणून उन्हाळ्यांतील शनिवारीं जाणारे व येणारे असे सर्वच लोक एकाच दिवशीं रस्त्यावर उतरतात. १९३६ सालीं तेथील कामकऱ्यांना कायद्यानें दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. तेव्हांपासून दक्षिणेच्या समुद्राकडे लोटणारा हा प्रवाह वाढतच गेला आहे. सरकारतर्फे १९७६ पासून ‘बिझों फ्युते’, म्हणजे ‘हुशार गवा’, या मजेदार नांवानें वाहतुकीचे अंदाज प्रसिद्ध होतात. त्यांत प्रत्येक दिवसास हिरवा, नारिंगी, तांबडा किंवा काळा असा रंग दिलेला असतो. काळा दिवस म्हणजे अतिशय कठीण वाहतुकीचा. ऑगस्टच्या आरंभींच्या शनिवारास हा रंग वारंवार मिळतो. हें पंचांग पाहिल्यावांचून प्रस्थान ठेवूं नये.

घराची किल्ली शनिवारीं दुपारनंतर मिळावयाची. तेव्हां शनिवारसाठीं शक्य तितका थोडा व सोपा रस्ता शिल्लक ठेवावा, आणि गर्दीचा अवघड टप्पा त्यापूर्वींच पार करावा. या रस्त्यावरील अवघड टप्पा म्हणजे ल्यों शहर आणि त्याच्या पुढील रोन नदीचें खोरें. म्हणजेच शुक्रवारची रात्र खोऱ्याच्या दक्षिण टोंकास ओरांज गांवीं काढावी. तेथून नीस सुमारें २८० किलोमीटर राहतें. त्याआधींची, गुरुवारची रात्र, ल्योंच्या अलीकडे बोन येथें काढावी. आणि बुधवारची रॅंस येथें. अशा रीतीनें कॅले ते रॅंस सुमारें २७५, रॅंस ते बोन सुमारें ३४०, बोन ते ओरांज सुमारें ३५५ आणि तेथून नीस, अशा चार मजला पडतात. यांतली एकहि मजल आजीस किंवा धाकट्यास असह्य होण्याइतकी लांब नाहीं.

बोनचा मुक्काम ल्योंच्या अलीकडेच कां, याचें कारण घड्याळांत आहे. बोनहून ल्यों सुमारें १५५ किलोमीटर. सकाळीं साडेआठास निघालें म्हणजे दहाच्या पुढें तेथें पोंचतां येतें. तोंपर्यंत कामावर जाणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते. शहरांत १९७१ सालीं खुला झालेला फूर्व्हियेरचा बोगदा वाहतूक तुंबण्याविषयीं प्रसिद्ध आहे. मुक्काम ल्योंच्या वेशीवर केला असता, तर सकाळीं उठून त्याच तुंबाऱ्यांत शिरावें लागलें असतें. मोठ्या शहराच्या तोंडाशीं झोंपूं नये. एक तर त्याच्या अलीकडे दीड तासावर थांबावें, नाहीं तर तें ओलांडून पलीकडे जावें.

दुसरा नियम अंतराचा नसून वेळेचा आहे. मुक्कामास दुपारीं चार-पांचच्या सुमारास पोंचावें. जूनअखेर उत्तर फ्रान्समध्यें रात्रीं दहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. ऑगस्टच्या आरंभींहि नऊ वाजून गेल्यावरच दिवस मावळतो. या प्रकाशानें मनुष्य फसतो. ‘अजून तर ऊन आहे, आणखी शंभर किलोमीटर जाऊं,’ असें वाटतें. पण शरीराचें घड्याळ सूर्याकडे पाहत नाहीं. दर दोन तासांनीं निदान एकदां थांबावें असा तेथील रस्तासुरक्षेच्या अधिकाऱ्यांचा सल्ला आहे. त्यासाठीं मोटारमार्गालगत ‘एर’ नांवाचे विसाव्याचे तळ थोड्याथोड्या अंतरावर केलेले आहेत. कांहीं ठिकाणीं केवळ झाडी, बांकें व शौचालयें असतात; कांहीं ठिकाणीं पेट्रोल व उपाहारगृहहि असतें. येथें थांबून हातपाय मोकळे करावे, परंतु रात्रीचा मुक्काम मात्र येथें समजूं नये. मोटारमार्गावरील पेट्रोल महाग असतें. तें मुक्कामाच्या गांवीं मोठ्या दुकानाशेजारच्या पंपावर भरावें.

तिसरा नियम निवासाचा. आठवड्यानें मिळणारीं घरें एका रात्रीस उपयोगी नाहींत. उरलीं हॉटेलें आणि ‘शांब्र दोत’ या नांवानें चालणारीं घरगुती वसतिस्थानें. हॉटेलांत भाडें बहुधा खोलीचें असतें, न्याहारीचे पैसे पुष्कळदां वेगळे पडतात. पांच जणांना एका खोलींत क्वचितच जागा मिळते. म्हणून शेजारच्या दोन खोल्या आगाऊ मागून ठेवाव्या, आणि आजीसाठीं तळमजल्यावरील खोली किंवा उद्वाहन आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. घरगुती वसतिस्थानांत कायद्यानें पांचांहून अधिक खोल्या किंवा पंधरांहून अधिक पाहुणे ठेवतां येत नाहींत, आणि न्याहारी भाड्यांतच धरलेली असते. यजमान स्वतः स्वागत करतो, तेव्हां पोंचण्याची वेळ त्यास कळविणें हा साधा शिष्टाचार होय. उशीर होत असेल तर फोन करावा. उपाहारगृहांत रात्रीचें जेवण सात-साडेसातच्या आधीं सहसा मिळत नाहीं. मुलांना तर सहालाच भूक लागते. म्हणून पाव, चीज, फळें गाडींत असूं द्यावीं. आजी शाकाहारी असेल तर तें आधींच कळवावें. ऐन वेळीं सांगितल्यास कोशिंबिरीवर भागवावें लागेल.

चौथा नियम लहान दिसतो, पण त्याचा गुण मोठा आहे. प्रत्येक मुक्कामीं पायीं जाऊन पाहण्यासारखी एक तरी गोष्ट असावी. दिवसभर पट्ट्यानें बांधलेल्या मुलांना तासभर पाय मोकळे करावयास मिळाले म्हणजे रात्र शांततेनें जाते. रॅंस येथें फ्रान्सच्या राजांना जेथें राज्याभिषेक होत असे तें भव्य कॅथीड्रल आहे. पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्यानें तें उद्ध्वस्त झालें व पुढें पुन्हां उभारलें गेलें. त्याच गांवीं एका शाळेच्या इमारतींत ७ मे १९४५ रोजीं जर्मन सैन्याच्या शरणागतीच्या पत्रावर सह्या झाल्या. शाळेंत जाणाऱ्या मुलास याचें विशेष कौतुक वाटेल. बोन येथें १४४३ सालीं गोरगरिबांसाठीं स्थापिलेलें रुग्णालय आहे. त्याच्या छपरावरील रंगीत कौलांची नक्षी पाहून आजीलाहि आपल्याकडील नक्षीकामाची आठवण होईल. ओरांज येथें रोमन लोकांनीं बांधलेलें नाट्यगृह आहे. त्याची रंगमंचामागची दगडी भिंत १०३ मीटर लांब व ३७ मीटर उंच असून ती अद्यापि उभी आहे.

शेवटीं एक घरगुती सूचना. मुक्कामाची पिशवी वेगळी भरावी. रात्रीचे कपडे, दांत घासण्याचें सामान, आजीचीं औषधें आणि धाकट्याचें आवडतें खेळणें एवढेंच तींत असावें; म्हणजे रोज सारी गाडी उपसावी लागत नाहीं. मौल्यवान वस्तु मात्र रात्रीं गाडींत ठेवूं नयेत.

तीन मुक्कामांस एका मुक्कामापेक्षां पैसे अधिक लागतात, हें खरें. ज्या घरांत दोघे चालविणारे आहेत व मुलें मोठीं आहेत, त्यांनीं बोन येथें एकच रात्र थांबून दोन दिवसांत पोंचावें; त्यांत गैर कांहीं नाहीं. मजलेची लांबी सर्वांस सारखी असूं शकत नाहीं. ती गाडीच्या शक्तीवरून ठरवावयाची नसून, गाडींत बसलेल्यांपैकीं जो सर्वांत लहान, सर्वांत वृद्ध किंवा सर्वांत थकलेला असेल, त्याच्यावरून ठरवावयाची असते. असा विचार करून निघालेलें कुटुंब समुद्रावर एखाददुसरा दिवस उशीरां पोंचेल. पण पोंचेल तेव्हां सर्वांच्या मुखावर हंसूं असेल, आणि आजी घरीं परतल्यावर समुद्राइतकेंच त्या रंगीत कौलांचेंहि वर्णन सांगत बसेल.