गोष्टीच्या पुस्तकाचा ॲनिमेशनपट होतो तेव्हा…

नांदेड/लातूर : नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाई परिसरात शालेय साहित्याच्या दुकानात गेले, की मराठी बालवाचनाचे दोन थर एकाच वेळी दिसतात. मांडणीत 'श्यामची आई'च्या प्रती असतात आणि दारात टांगलेल्या दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर छोटा भीम व मोटू-पतलू विराजमान असतात. यातील मोटू-पतलू मूळचे 'लोटपोट' या हिंदी बालसाप्ताहिकातील चित्रकथेचे नायक. २०१२ मध्ये त्यांची ॲनिमेशन मालिका दूरचित्रवाणीवर आली आणि कागदावरची ही जोडगोळी नव्या पिढीच्या घराघरांत पोहोचली. मग श्याम, गोट्या किंवा फास्टर फेणे हे मराठी बालसाहित्यातील नायक त्या दप्तरावर का नाहीत, हा प्रश्न साहजिकच पडतो.

तंत्रज्ञान नाही, असे उत्तर आता देता येत नाही. 'प्रभो शिवाजी राजा' हा पूर्ण लांबीचा मराठी ॲनिमेशनपट २०१८ मध्येच प्रदर्शित झाला. खरी अडचण अन्यत्र आहे. गाजलेले बालपुस्तक चित्रांत आणताना हक्क, निवड, रूप आणि भाषा असे चार निर्णय घ्यावे लागतात. त्यांतला एकही चुकला, तर पुस्तकाचे नाव उरते आणि पुस्तक हरवते.

गुपी-बाघाचा प्रवास

हे निर्णय कसे घेतले जातात, याचे चांगले उदाहरण मुंबईत घडले. बंगालीतील ज्येष्ठ बालसाहित्यिक उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांची गुपी-बाघाची कथा १९१५ मध्ये 'संदेश' या त्यांच्याच मासिकात प्रसिद्ध झाली. बेसूर गाणारा गुपी आणि बेताल ढोल वाजवणारा बाघा गावातून हाकलले जातात, रानात त्यांना भुते भेटतात आणि भुतांच्या वरामुळे त्यांचे नशीब पालटते, अशी ही कथा. उपेंद्रकिशोर यांचे नातू सत्यजित रे यांनी १९६९ मध्ये तिच्यावर चित्रपट केला आणि तो अजरामर झाला.

त्यानंतर चार दशकांनी पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ॲनिमेशन शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी 'गुपी गवैया बाघा बजैया' हा हिंदी ॲनिमेशनपट दिग्दर्शित केला. निर्मिती बालचित्र समितीची, तर ॲनिमेशन मुंबईच्या पेपरबोट स्टुडिओचे. २०१३ मध्ये टोरांटोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखवण्यात आला.

रानडे यांच्यापुढची अडचण सहज लक्षात येते. कथा सर्वांना ठाऊक. पण ठाऊक होती ती रे यांच्या पडद्यावरची. त्यातील भुतांचे नृत्य प्रेक्षकांच्या मनावर कोरलेले. तेच पुन्हा रेखाटले असते, तर ती नक्कल ठरली असती. ॲनिमेशनपटाने म्हणूनच भारतीय लोककलांची आणि बाहुल्यांच्या खेळाची आठवण करून देणारी स्वतःची चित्रशैली घेतली. लांबोडकी शरीरे, सपाट रंग आणि नक्षीदार पार्श्वभूमी यांतून गुपी-बाघाचे वेगळे जग उभे राहिले. रूपांतर करताना आधीच्या रूपांतराकडे न जाता मूळ गोष्टीकडे परत जावे लागते, हा या चित्रपटाचा पहिला धडा.

दुसरा धडा कटू आहे. टोरांटोत २०१३ मध्ये झळकलेला हा चित्रपट भारतातील चित्रपटगृहांत पोहोचला तो २०१९ मध्ये. तो बनला तेव्हा जन्मलेली मुले तोवर शाळेत जाऊ लागली होती. ज्या बालचित्र समितीने त्याची निर्मिती केली, तिचे २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. चित्रपट तयार होणे आणि तो मुलांपर्यंत जाणे, या दोन स्वतंत्र लढाया आहेत. महानगरातच इतका विलंब होत असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुलाचा क्रमांक केव्हा लागणार, हे वेगळे सांगायला नको.

पुस्तक कोणाचे, चित्र कोणाचे?

कोणत्याही रूपांतराची पहिली पायरी कायद्याची. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या पुढील वर्षारंभापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर वारसांचा हक्क राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे २०११ पासून 'श्यामची आई' सर्वांसाठी खुली आहे. 'गोट्या'चे लेखक ना. धों. ताम्हनकर १९६१ मध्ये गेले. त्यांचे साहित्य २०२२ पासून मुक्त झाले. 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांचे निधन २००१ मध्ये झाले. त्यामुळे २०६१ च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांच्या परवानगीवाचून बनेश फेणेला पडद्यावर सायकल चालवता येणार नाही.

मात्र पुस्तक मुक्त झाले, म्हणजे त्यावरचे सारे काही मुक्त झाले असे नव्हे. किपलिंगचा मोगली भारतात कोणालाही रेखाटता येतो. पण डिस्नेने १९६७ च्या चित्रपटात त्याला दिलेला चेहरा उचलता येत नाही. अनुवादांवर अनुवादकाचा, चित्रांवर चित्रकाराचा स्वतंत्र हक्क असतो. शिवाय लेखकाच्या नावलौकिकाला बाध येईल असा विपर्यास झाला, तर त्याचे कायदेशीर वारस आक्षेप घेऊ शकतात.

बेचाळीस रात्री, ऐंशी मिनिटे

दुसरी पायरी निवडीची. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'त श्याम आश्रमातील सोबत्यांना ४२ रात्री आईच्या आठवणी सांगतो. मुलांचा ॲनिमेशनपट साधारण ८० मिनिटांचा धरला, तर एका रात्रीच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. म्हणजे बहुतेक रात्री गाळाव्याच लागणार. कोणत्या गाळायच्या, हाच खरा लेखनाचा प्रश्न.

निवड झाली की प्रसंगांची चित्रे क्रमाने फलकावर लावली जातात. याला स्टोरीबोर्ड म्हणतात. त्यांना कच्चा आवाज जोडून संपूर्ण चित्रपटाचा आराखडा पाहिला जातो. प्रत्येक पात्राचे समोरून, बाजूने, मागून, हसताना आणि रडताना कसे दिसावे, याचे नमुने ठरतात. अनेकदा संवाद आधी ध्वनिमुद्रित करतात आणि त्या उच्चारांबरहुकूम ओठांची हालचाल रेखाटली जाते. त्यानंतर मुख्य हालचाली, मधल्या हालचाली, रंग, पार्श्वभूमी आणि ध्वनी असा क्रम लागतो.

पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात. ८० मिनिटांसाठी त्या १ लाख १५ हजार २०० होतात. एक चित्र दोन चौकटी टिकवले, तरी हलणाऱ्या एका पात्रासाठी ५७ हजार ६०० चित्रे लागतात. त्यामुळेच अभिनेत्यांच्या चित्रपटात संकलनाच्या टेबलावर घेतले जाणारे निर्णय येथे पहिली रेघ ओढण्यापूर्वी घ्यावे लागतात. रेखाटून झालेला प्रसंग गाळणे म्हणजे अनेक महिन्यांची मजुरी पाण्यात घालणे.

वय न वाढणारा नायक

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. 'श्यामची आई'चा आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये केलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये त्याच पुस्तकावर कृष्णधवल चित्रपट केला. त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग ॲनिमेशन हवे कशाला?

याचे उत्तर 'फास्टर फेणे'त सापडते. भागवतांचा बनेश हा फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला शाळकरी मुलगा. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ यांनी साकारलेला बनेश मात्र वैद्यकीय प्रवेश परीक्षा देण्यासाठी पुण्यात येतो. चित्रपट रंगला आणि प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांसाठी ख्यातनाम असलेल्या लातूरकरांना तो विषय जवळचाही वाटला असेल. परंतु दहा-बारा वर्षांच्या वाचकाचा समवयस्क नायक त्यात उरला नाही. मोठ्या प्रेक्षकवर्गाचे आणि नटाच्या वयाचे गणित चित्रपटाला सांभाळावे लागते. रेघेतून जन्मलेल्या नायकाला ते बंधन नाही. तो कायम पुस्तकातल्याच वयाचा राहू शकतो. त्याच्या 'ट्टॉक'लाही रेघ आणि रंग देता येतो.

तोटाही तितकाच खरा. वाचताना प्रत्येक मूल मनात आपापला श्याम रेखाटत असते. चित्रपट त्यांतला एकच चेहरा कायमचा ठरवून टाकतो. म्हणून रूपांतराआधी पुस्तक मुलाच्या हाती पडावे, ही अपेक्षा भाबडी म्हणता येणार नाही.

नायक कोणती मराठी बोलेल?

शेवटचा निर्णय भाषेचा. आणि मराठवाड्याच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा. श्यामचे घर कोकणातले, गोट्या आणि फेणे प्रमाण मराठी बोलणारे. लातूर-नांदेडकडचे मूल मात्र घरी 'काय करतोस' असे म्हणत नाही, 'काय करूलालास' असे विचारते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा, उदगीर-निलंग्याकडे कन्नडचा आणि दोन्ही शहरांत दखनी उर्दूचा स्पर्श या बोलीला झालेला आहे. या मुलाला कार्टूनमधून प्रामुख्याने हिंदी ऐकू येते, शाळेतून प्रमाण मराठी आणि दोन्हींच्या मध्ये त्याची बोली गप्प बसते. ग्रामीण बोली पडद्यावर आलीच, तर ती बहुधा विनोदी पात्राच्या तोंडी येते. ॲनिमेशनमध्ये आवाज स्वतंत्रपणे मुद्रित होत असल्याने एकाच चित्रपटाला अनेक बोली देणे हे अभिनेत्यांच्या चित्रपटापेक्षा कितीतरी सोपे आहे. संधी आहे ती येथे.

उदगीरला २०२२ मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या किशोर कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. जालन्यात जन्मलेल्या लेखकाचे हे पुस्तक अलीकडचे. पण जुन्याचाच शोध घ्यायचा, तर फार दूर जाण्याची गरज नाही. कावळ्याच्या शेणाच्या घराची जी गोष्ट प्रत्येक मराठी मूल आजीकडून ऐकते, ती तेराव्या शतकातील 'लीळाचरित्रा'त आढळते. महानुभावांच्या या आद्यग्रंथाचा मोठा भाग गोदाकाठच्या मराठवाड्यात घडतो आणि पंथाचे महत्त्वाचे तीर्थस्थान असलेले माहूर नांदेड जिल्ह्यातच आहे.

ही गोष्ट ७०० वर्षांहून जुनी आहे. तिच्यावर कोणाचाही हक्क नाही, तिला कोणी चेहरा ठरवून दिलेला नाही आणि तिची लांबी अवघ्या काही मिनिटांची आहे. मराठवाड्यातील एखाद्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी ती आपल्या बोलीत चितारायला घेतली, तर त्यासाठी लाखभर चौकटी लागणार नाहीत. पावसात भिजत दाराशी आलेला कावळा चिमणीला कोणत्या शब्दांत हाक मारतो, एवढे मात्र नांदेड-लातूरच्या आज्यांनाच विचारावे लागेल.