चैत्रातली परसबाग : मोरीचे पाणी आणि उसाचे पाचट



कारखान्याचा पट्टा पडला, तोडकरी आपापल्या गावी परतले आणि ऊन तापू लागले. आता आठवड्याच्या बाजारात काय दिसते? पाच-पाच एकर उसाचे धनी आम्ही, पण पावशेर गवारीसाठी घासाघीस करीत उभे! ऊस पैसा देणार वर्ष-दीड वर्षाने. भाजीला रोकड रोज हवी. त्यासाठी घरच्या बाईला हात पसरावा लागतो. नाही मिळाली, तर पिठल्यावर भागवायचे.

"पण पाणी कुठाय?" असे कोणी म्हणेल. विहिरीने तळ गाठलेला, तेव्हा प्रश्न रास्तच. पण मोरीतून रोज वाहून जाते ते पाणी आपण कधी मोजले काय? पाच माणसांच्या घरात अंघोळीचे व भांड्यांचे मिळून सात-आठ बादल्या सहज निघते. पाव गुंठा, म्हणजे सोळा फूट लांब-रुंद तुकडा, काटकसरीने त्यावर जगतो. मोरीच्या तोंडाशी अळू आणि एखादी केळ लावावी. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र वाफ्यात सोडू नये, जमीन चोपण होते.

भेंडी, दोडका, कारले यांचे बी रात्रभर भिजवून टोकावे. माठ महिन्याभरात काढणीला येतो. दोडक्याचा मांडव भरला की त्याच्या सावलीत कोथिंबीर फोकावी. पाणी भल्या सकाळी किंवा दिवस मावळताना द्यावे.

फडातले पाचट पेटवू नका. दोन भारे परसात आणा व वाफ्यात तीन बोटे जाड अंथरा. ओल टिकते, तण दबते. मात्र गेल्या साली आम्ही ते थेट बुंध्याला भिडवले आणि वाळवीने गवारीची अख्खी ओळ बसवली. तेव्हा बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी व आठवड्यातून एकदा पाचट उचलून पाहावे.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की केवडा समजावा. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो, त्यावर औषध नाही. झाड उपटून पुरून टाकावे. माशीसाठी ५० ग्रॅम निंबोळी भुकटी १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून संध्याकाळी फवारावी. भेंडी सुरू झाली की दिवसाआड तोडावी. निबर शेंगा राहिल्या तर पुढचा बहार कमी होतो.

शेवटी एक स्पष्टच सांगतो. परसबाग म्हणजे बायकांचे काम, असे म्हणून मोकळे होऊ नये. फडाला रात्री-अपरात्री पाणी देणाऱ्या हातांना सकाळी चार बादल्या जड नाहीत. यंदा सभासदांनी एवढे करून पाहावे, ही आमची विनंती.