हाइक मिळाली? आता पीएफकडे बघा!

हिंजवडी असो की खराडी, जॉब स्विच केला की पहिला प्रश्न ठरलेला : 'हाइक किती?' तीस टक्के म्हटलं की पार्टी फिक्स! मी मात्र विचारते, 'जुन्या पीएफचं काय केलंस?' (पुणेकर आहे, विचारणारच.) उत्तर बहुतेकदा एकच, 'काढला. बाइकचं डाउन पेमेंट झालं.'

आता जरा हिशेब बघू. साधारण बेसिकच्या १२ टक्के रक्कम आपल्या पगारातून कापली जाते आणि तेवढीच कंपनी घालते. तिच्यातला काही भाग पेन्शनकडे जातो. २०२४-२५ साठी व्याज होतं ८.२५ टक्के. शिवाय पाच वर्षांच्या सलग सेवेआधी पैसे काढले, तर टॅक्स लागू शकतो. खातं ट्रान्सफर केलं तर जुनी वर्षंही धरली जातात. दोन वर्षं हिंजवडीत, तीन खराडीत, झाली की पाच! २०१४ पासून यूएएन आहे, म्हणजे कंपनी बदलली तरी नंबर तोच. नव्या एचआरला तोच द्या. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलीय ना, तेही बघा. ट्रान्सफर बरेचदा तिथेच अडकतं.

आणि हो, सीटीसीत कंपनीचा पीएफ, बरेचदा ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते. त्यामुळे बारा लाखांना बाराने भागून बाणेरच्या टूबीएचकेचं भाडं ठरवू नका. पहिली सॅलरी स्लिप हातात येऊ दे, मग ब्रोकरला फोन करा.